खेकड्याचा श्वास ओलाव्यावर चालतो : घरातल्या टँकमध्ये दमटपणा कसा राखावा?

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडला की कामण, चिंचोटी, जूचंद्र या पट्ट्यात भातशेतीच्या बांधांवर आणि ओढ्यांच्या काठी खेकडे बाहेर पडतात. कुणी त्यांना मुठे म्हणतं, कुणी चिंबोरी. रायगड-रत्नागिरीकडून इथे येऊन राहिलेली कुटुंबं कुर्ली किंवा किरवे म्हणतात, तर घरात उर्दू बोलणारी मुलं सरळ ‘केकडा’ म्हणतात. बॅटरी घेऊन मोठी माणसं निघतात, मागोमाग मुलंही निघतात आणि एखादा खेकडा बादलीतून घरी येतो. खाण्यासाठी नव्हे, पाळण्यासाठी. जुना फिश टँक माळ्यावर पडलेलाच असतो. त्यात खेकडा ठेवला जातो, वर दोन दाणे भात टाकला जातो. चार-आठ दिवसांनी खेकडा हालेनासा होतो आणि मूल विचारतं, ‘अब्बू, आपण तर खायला देत होतो, मग हा मेला कसा?’

शाळेत दर पावसाळ्यात हा प्रश्न आमच्यापुढेही येतो. उत्तर बहुतेक वेळा एकच असतं. खेकडा उपाशी मरत नाही, तो कोरड्या हवेने मरतो. नाहीतर त्याच्या अगदी उलट, तोंडापर्यंत भरलेल्या बादलीतल्या साचलेल्या पाण्यात गुदमरून मरतो. दोन्हीचं कारण त्याच्या श्वासात आहे. ते एकदा समजलं की टँक सांभाळणं अवघड नाही. फार खर्चही नाही, विजेचीही गरज नाही.

खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वास कल्ल्यांनी घेतो

माशासारखे कल्ले खेकड्यालाही असतात. ते पाठीच्या कवचाखाली दोन्ही बाजूंच्या पोकळ्यांत असतात. मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो. जमिनीवर फिरणारा खेकडा हवेतला ऑक्सिजन घेतो, पण कल्ले ओले असले तरच. कल्ल्यांवर पाण्याचा पातळ थर असतो. हवेतला ऑक्सिजन आधी त्या थरात विरघळतो आणि मग रक्तात जातो. जमिनीवर जास्त काळ राहणाऱ्या खेकड्यांत कल्ल्यांच्या पोकळीचं अस्तरही फुप्फुसासारखं काम करतं, पण तेही ओलं राहावं लागतं.

आता हा खेकडा पंख्याखाली, कोरड्या काचेच्या पेटीत ठेवला तर काय होईल? कल्ल्यांवरचं पाणी हळूहळू उडून जाईल. कल्ले एकमेकांना चिकटतील. ऑक्सिजन भोवती भरपूर असूनही आत जाणार नाही. बाहेरून आपल्याला एवढंच दिसतं की खेकडा सुस्त झाला आहे, खात नाही. आपण म्हणतो, ‘थकला असेल.’ खरं तर त्याचा दम कोंडत असतो.

बादलीत उलटं घडतं. ओढ्याचं पाणी वाहतं असतं, त्यात हवा मिसळत राहते. बादलीतल्या साचलेल्या पाण्यातला ऑक्सिजन लवकर संपतो. प्लॅस्टिकच्या गुळगुळीत भिंतीवर चढून वर येण्याची सोय नसते. म्हणून खेकड्याला ‘पाण्यातला प्राणी’ समजून पाण्यात बुडवून ठेवणं हासुद्धा त्याच्यावर जुलूमच आहे.

निसर्गात तो हा प्रश्न कसा सोडवतो?

बीळ खणून. आपल्याकडच्या भातशेतीत आणि ओढ्याकाठी सर्रास सापडणाऱ्या एका खेकड्याचं शास्त्रीय नाव बॅरिटेल्फ्यूसा क्युनिक्युलॅरिस असं आहे. दख्खनमध्ये काम केलेले इंग्रज अधिकारी कर्नल सायक्स यांच्या नोंदींसोबत त्याचं वर्णन १८३६ मध्ये छापलं गेलं. ‘क्युनिक्युलस’ म्हणजे लॅटिनमध्ये ससा. सशासारखं बीळ करणारा, म्हणून हे नाव. उन्हाळ्यात बांधावरची माती वरून भेगाळलेली असते, पण हातभर खाली ती ओली असते. खेकडा तिथपर्यंत खणत जातो. बिळातली हवा बाहेर जात नाही, त्यामुळे ती कायम दमट राहते. बाहेर मे महिन्याचं ऊन असलं तरी आत त्याचा पावसाळा चालू असतो.

हिंदी महासागरातल्या ख्रिसमस बेटावर लाखो लाल खेकडे राहतात. ते जंगलाच्या जमिनीवर जगतात. कोरड्या ऋतूत ते बिळात शिरतात आणि पाचोळ्याचा बोळा तोंडाशी लावून बीळ बंद करतात, म्हणजे आतला ओलावा टिकतो. पाऊस सुरू झाला की तेच खेकडे रस्ते लाल करत समुद्राकडे निघतात. कामणच्या बांधावरचा मुठा आणि तिथला लाल खेकडा हे वेगळ्या कुळांतले, पण दोघांची युक्ती एकच : खाली ओली माती आणि वर बंद दार.

आपल्याला घरातल्या टँकमध्ये नेमकं हेच करायचं आहे.

‘आर्द्रता ८० टक्के’ म्हणजे काय?

टँकमध्ये आर्द्रता ७५ ते ८५ टक्के आणि तापमान साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस असावं. पण या टक्क्यांचा अर्थ काय, हे मुलांना विचारलं तर बरीच मुलं सांगतात, ‘हवेत ८० टक्के पाणी.’ तसं नाही.

हवेला एक पातेलं समजा. गरम हवेचं पातेलं मोठं, थंड हवेचं लहान. २० अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७ ग्रॅम पाण्याची वाफ मावते. ३० अंशांना सुमारे ३० ग्रॅम मावते. पातेलं किती भरलं आहे, ते टक्के सांगतात. पहाटे २० अंशांना पातेलं काठोकाठ भरलेलं आहे, म्हणजे १०० टक्के. दुपारी तीच हवा ३० अंशांवर गेली, पाणी तेवढंच राहिलं, तर पातेलं मोठं झाल्यामुळे ते जेमतेम ५७ टक्के भरलेलं दिसेल. म्हणून सकाळी काचेवर दव असलेला टँक दुपारी खिडकीच्या उन्हात कोरडा पडू शकतो. एक थेंबही सांडलेला नसताना!

आता आणखी एक हिशोब बघा, कारण सगळी मेख यातच आहे. दीड फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ४० लिटर हवा असते. ३० अंशांना ती हवा पूर्ण दमट झाली, तरी तिच्यात वाफेच्या रूपाने पाणी असतं ते फक्त सव्वा ग्रॅमच्या आसपास. पाव चमचा! झाकण उघडं असेल आणि वर पंखा फिरत असेल, तर एवढंसं पाणी निघून जायला किती वेळ लागणार?

बहुतेक घरांत दिवसातून दोनदा स्प्रे मारला जातो आणि काम झालं असं समजलं जातं. झाकण नसेल तर त्या स्प्रेचा परिणाम थोडाच वेळ टिकतो. दमटपणा फवाऱ्याने टिकत नाही. तो झाकणाने आणि खालच्या ओल्या मातीने टिकतो. माती सतत थोडं थोडं पाणी हवेला देत राहते आणि झाकण ते बाहेर जाऊ देत नाही. फवारा हा फक्त वरचा आधार.

टँक कसा लावावा?

झाकण. जाळीचं झाकण असेल तर त्याचा बहुतेक भाग काचेने, अॅक्रिलिकच्या पत्र्याने किंवा जाड प्लॅस्टिकने झाकावा. एका कडेला दोन बोटांची फट ठेवावी. पूर्ण हवाबंद केलं तर बुरशी येते आणि शिळी हवा साचते. वर वजन ठेवायला विसरू नका. पाण्याची नळी किंवा कोपऱ्यातला सिलिकॉनचा जोड धरून खेकडा वर चढतो आणि रात्रीतून कपाटामागे जातो. तिथल्या कोरड्या धुळीत तो फार काळ जगत नाही.

माती. तळाशी किमान ६ इंच थर असावा. खेकडा मोठा असेल तर त्याच्या उंचीच्या तिपटीहून जास्त, म्हणजे तो पूर्ण आत जाऊ शकेल. स्वच्छ वाळू आणि नारळाचा भुसा (नर्सरीत कोकोपीट म्हणून विटा मिळतात) एकत्र करावा. मुठ्यासाठी त्यात शेताची साधी माती घालता येते, पण खत किंवा कीटकनाशक न मारलेली. नर्सरीतली तयार खतमाती नको.

किती ओली करायची, याची परीक्षा हातानेच करा. मूठभर माती घट्ट दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोटांतून पाणी गळता कामा नये. गोळा फुटला तर पाणी कमी, थेंब गळले तर पाणी जास्त. तळाशी पाणी साचलं तर माती कुजते आणि आंबूस वास येतो.

पाणी. एका कोपऱ्यात उथळ भांडं ठेवावं. खेकडा त्यात बसून कल्ले भिजवेल आणि सहज बाहेर येईल असा दगड त्यात असावा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ल्यांना त्रास देतं, म्हणून पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात २४ तास उघडं ठेवावं किंवा मत्स्यपालनाच्या दुकानातले क्लोरीन घालवणारे थेंब वापरावेत. खाडीजवळच्या बोअरवेलचं पाणी मचूळ असेल तर मुठ्यासाठी वापरू नये. तो गोड्या पाण्याचा जीव आहे. पाणी रोज बदला. खेकड्यासाठी तर बदलाच, घरासाठीही बदला, कारण साचलेल्या पाण्यात डासांची अंडी पडतात आणि डेंग्यूचा धोका घरातल्या माणसांनाच असतो.

लपायला जागा. अर्धी फुटलेली कुंडी, कौलाचा तुकडा किंवा करवंटी आडवी ठेवा. खाली ओला पाचोळा घाला. आंब्याची वाळलेली पानं चांगली. त्या छोट्या जागेत टँकच्या इतर भागापेक्षा जास्त ओल राहते. सगळीकडे एकसारखी ओल ठेवण्यापेक्षा एक बाजू जास्त ओली आणि एक थोडी कमी ठेवली तर खेकडा आपली जागा आपण निवडतो.

जागा. टँकवर थेट ऊन नको. बंद काचेत ऊन शिरलं की आत भट्टी होते. एसीसमोर आणि पंख्याखालीही नको. आणि एका टँकमध्ये एकच मुठा ठेवा. दोन ठेवले तर भांडतात, पाय तोडतात, कवच टाकलेल्या मऊ खेकड्याला दुसरा खाऊनही टाकतो.

मोजायचं कसं?

आर्द्रतामापक म्हणजे हायग्रोमीटर. छोटा डिजिटल काही शे रुपयांत मिळतो, बहुतेक त्यातच तापमानही दिसतं. तो मातीपासून दोन-तीन इंचांवर, म्हणजे खेकडा ज्या हवेत श्वास घेतो तिथे लावावा. झाकणाजवळ लावला तर आकडा वेगळा येतो. पाण्याच्या भांड्याला चिकटून लावला तर आकडा उगाच चढा दिसतो.

स्वस्त मापक कधी कधी पाच-दहा टक्के चुकीचं दाखवतात. ते तपासण्याची सोपी पद्धत स्वयंपाकघरातच आहे. मुलांकडून शाळेच्या प्रकल्पासाठीही करून घेता येते. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या. थोडे थेंब पाणी घालून ओला लगदा करा. मीठ पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक एका बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत शेजारी शेजारी ठेवा. मीठ मापकाला लागू देऊ नका. पिशवी बंद करून १० ते १२ तास एका जागी राहू द्या. ओल्या मिठाभोवतीची बंद हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे. मापकाने ७० दाखवलं तर तो ५ ने कमी दाखवतो. पुढे प्रत्येक वेळी ५ मिळवा. ८० दाखवलं तर ५ वजा करा.

मापक नसेल तर काचेकडे बघा. पहाटे काचेवर थोडं दव आणि दुपारपर्यंत ते निघून गेलेलं, हे चांगलं लक्षण. दिवसभर काचेवरून ओघळ वाहत असतील तर फट वाढवा. काच कधीच धुरकट होत नसेल आणि वरची माती फिकट रंगाची दिसत असेल तर पाणी कमी आहे.

आपल्या हवामानाप्रमाणे वर्षभराचं काम

*जून ते सप्टेंबर :* बाहेरचीच हवा दमट. स्प्रेची गरज फारशी नाही. या दिवसांत शत्रू कोरडेपणा नसून बुरशी असते. फट थोडी मोठी करा, उरलेलं अन्न रोज सकाळी काढा.

*ऑक्टोबर :* पाऊस गेला, ऊन वाढलं. मातीचा वरचा थर इथून सुकायला लागतो. मुठीची परीक्षा आठवड्यातून एकदा सुरू करा.

*नोव्हेंबर ते फेब्रुवारी :* समुद्र जवळ असला तरी या दिवसांत जमिनीकडून कोरडे वारे येतात. सकाळी धुकं आणि दुपारी ओठ फुटतात, असा हा काळ. दुपारची आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली जाऊ शकते. ओठ फुटले की टँककडे बघायचं, एवढी खूण लक्षात ठेवा. फट निम्मी करा. पाणी मातीच्या कडेने, हळूहळू, तळापर्यंत जाईल असं घाला. नुसतं वरून शिंपडू नका.

*मार्च ते मे :* बाष्पीभवन सर्वांत जास्त. झाकणावर ओला कपडा पसरला तर आतलं तापमानही थोडं उतरतं. बर्फ टाकू नका, तापमान एकदम बदललं तर खेकड्याला झटका बसतो.

ईदला किंवा मे महिन्यात गावी जायचं असेल तर निघण्याच्या दोन दिवस आधी माती खालपर्यंत ओली करून घ्या, पाण्याची दोन भांडी ठेवा, झाकणाची फट बोटभर करा आणि टँक घरातल्या सर्वांत थंड खोलीत हलवा. खाण्यापेक्षा हे महत्त्वाचं. चार-पाच दिवस उपवास खेकडा सहन करतो, कोरडी हवा सहन करत नाही. आठवड्याहून जास्त जाणार असाल तर शेजारच्या एखाद्या जबाबदार मुलाला किल्ली द्या.

खेकडा काय सांगतो ते ओळखा

दिवसा उघड्यावर निपचित बसणं, पाण्याच्या भांड्यातून बाहेरच न येणं, पाय ढिले पडणं, ही ओल कमी पडल्याची लक्षणं असू शकतात. तोंडाशी फेस दिसला तर बघा : तो कल्ल्यांतलं उरलंसुरलं पाणी पुन्हा पुन्हा फिरवून हवा घेत असतो. अशा वेळी त्याला खोल पाण्यात टाकू नका. त्याच तापमानाच्या पाण्याचं उथळ भांडं पुढे ठेवा, झाकण लावा आणि त्याला एकटं सोडा.

मातीत शिरून आठवडेच्या आठवडे बाहेर आला नाही, तर लगेच मेला असं समजू नका. तो कदाचित कवच टाकत असेल. वाढीसाठी खेकड्याला जुनं कवच सोडावं लागतं आणि नवं कवच कडक होईपर्यंत तो अगदी मऊ असतो. यावेळी ओल्या मातीचं बीळ हाच त्याचा एकमेव बचाव. उकरून बघितलं तर बीळ ढासळतं. जुनं कवच दिसलं तर उचलू नका, तो ते खाऊन त्यातला चुना परत मिळवतो. एरवी चुन्यासाठी अंड्याच्या टरफलाची पूड किंवा समुद्रफेस द्यावा. युनानी दवाखान्यात ज्याला समंदर झाग म्हणतात, तोच हा.

आणखी एक गोष्ट, जी फार थोडे लोक लक्षात घेतात. डासांचा फवारा, लिक्विडचं मशीन, कॉइल हे टँकच्या खोलीत अजिबात नको. त्यातली औषधं कीटकांसाठी बनवलेली असतात आणि खेकडा हा कीटकांचा दूरचा नातेवाईक आहे. ती औषधं त्यालाही मारतात. ओल्या मातीत आणि पाण्यात ती उतरली की टँक पूर्ण रिकामा करून धुवावा लागतो. लोबानचा धूरही दुसऱ्या खोलीत करावा.

शंखातला खेकडा विकत आणला असेल तर

मुंबईच्या बाजारातून काही मुलं शंख पाठीवर घेऊन चालणारा खेकडा आणतात. हा जमिनीवरचा शंखखेकडा. त्याचे नियम जवळजवळ तेच : ८० टक्क्यांच्या आसपास ओल, खोल वाळू, झाकण. फरक दोन. त्याला गोडं आणि खारं अशी दोन वेगळी भांडी लागतात. खारं पाणी मत्स्यालयाच्या समुद्री मिठाचं, स्वयंपाकाच्या मिठाचं नको. आणि वाढीप्रमाणे बदलायला थोडे मोठे, रिकामे, रंग न दिलेले शंख जवळ ठेवावे लागतात. शंखात तो थोडं पाणी साठवून ठेवतो, तीच त्याची छोटी टाकी. हवा कोरडी राहिली तर ती टाकी रिकामी होते आणि शेवटी तो शंख सोडून बाहेर येतो. शंखाबाहेर आलेला खेकडा दिसला तर वेळ थोडा आहे हे समजा. हे खेकडे जवळजवळ सगळे समुद्रकिनाऱ्यावरून उचललेले असतात, म्हणून नवा विकत घेण्याआधी दहा वेळा विचार करावा.

कायदा, दीन आणि आपली जबाबदारी

कामणच्या उत्तरेला डोंगर चढला की तुंगारेश्वर अभयारण्याची हद्द लागते. अभयारण्यातून कुठलाही जीव परवानगीशिवाय उचलून आणायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मग तो खेकडा का असेना. सहलीला गेलेल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावं. सह्याद्रीतले खेकडे अजून पुरते मोजलेही गेलेले नाहीत. तेजस ठाकरे आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी २०१६ मध्ये पश्चिम घाटातल्या ५ नव्या प्रजातींची नोंद केली. अशा काही जाती एखाद्या घाटापुरत्या, एखाद्या पठारापुरत्याच असतात. म्हणून रंगीत, वेगळा खेकडा दिसला तर फोटो काढावा आणि पुढे जावं.

शेताच्या बांधावरूनही एक ओळख करूनच खेकडा हातात घ्यावा. पोटाकडची झडप अरुंद, त्रिकोणी असेल तर नर. रुंद, गोलसर असेल तर मादी. गोड्या पाण्याच्या खेकड्याची मादी अंडी आणि पुढे पिल्लंही याच झडपेखाली सांभाळते. पिल्लं समुद्री खेकड्यांसारखी पाण्यात वाहून जात नाहीत, आईच्या पोटाशीच छोटे खेकडे होऊन मग सुटतात. अशी मादी आणली तर आपण एक नव्हे, एक घराणं उचलतो.

खेकडा खाण्याचा मसला वेगळा आहे. त्यात मसलकांप्रमाणे फरक आहे आणि तो आपापल्या आलिमांना विचारावा. पाळण्याच्या बाबतीत मात्र आपल्यापुढे साफ उदाहरणं आहेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अबू उमैर नावाच्या लहान मुलाला त्याच्या पाळीव चिमणीबद्दल आपुलकीने विचारलं होतं. म्हणजे मुलाने जीव पाळणं आपल्याकडे नवीन नाही. पण त्याचबरोबर मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीसही आपण मुलांना सांगतो. तिने मांजराला ना खायला दिलं, ना स्वतःचं अन्न शोधायला सोडलं. आणि सफरमध्ये सहाबांनी एका पक्षिणीची पिल्लं उचलली तेव्हा ती कासावीस झाली, ते पाहून प्रेषितांनी (स.) पिल्लं परत ठेवायला सांगितली, हीही हदीस आहे. मांजराला कोंडलं तर भूक, खेकड्याला कोंडलं तर कोरडी हवा. गुन्हा एकच, फक्त खेकडा ओरडत नाही म्हणून तो आपल्याला दिसत नाही.

म्हणून पालकांनी मुलाला ‘आणू नकोस’ एवढंच न सांगता अट घालावी. आधी टँक, माती, झाकण आणि मापक तयार कर. आठ दिवस रिकामा टँक ७५ ते ८५ टक्क्यांत ठेवून दाखव, वहीत सकाळ-दुपार-रात्र आकडे लिही. जमलं तर मग खेकड्याचा विचार. आमच्या अनुभवात निम्मी मुलं या आठ दिवसांतच कंटाळतात आणि एक खेकडा वाचतो. उरलेल्या मुलांना आर्द्रता म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय कळलेलं असतं. टँकला हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवयही याच वेळी लावावी.

ज्यांच्याकडे खेकडा आधीच आहे आणि वरचं सगळं जमणार नाही, त्यांनीही लाज वाटून घेऊ नये. पाऊस चालू असताना, संध्याकाळी, जिथून आणला त्याच ओढ्याच्या किंवा बांधाच्या काठी त्याला ठेवून यावं. खाडीच्या खाऱ्या पाण्यात नव्हे, दुसऱ्या गावच्या ओढ्यातही नव्हे. बाजारातून आणलेला शंखखेकडा मात्र कुठेही सोडू नये, तो ज्याला नीट सांभाळता येईल त्याला द्यावा. मुठ्याला सोडायला जाताना मुलाला सोबत न्या. खेकडा ओल्या मातीत शिरून दिसेनासा होईपर्यंत थांबा आणि त्याचं घर कसं असतं, ते मुलाला तिथेच नीट बघू द्या.